उद्योजकता वर्गात शिकवता येते. सांगानेरच्या पाण्याचा हिशेब कोण शिकवणार?

जयपूर : व्यवस्थापनशास्त्राच्या एकाच गाजलेल्या ग्रंथात एकाच शहरातील दोन उदाहरणे यावीत, हा मान फार थोड्या शहरांना मिळाला असेल. दिवंगत प्राध्यापक सी. के. प्रल्हाद यांच्या ‘द फॉर्च्युन ॲट द बॉटम ऑफ द पिरॅमिड’ या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘जयपूर फूट’ या कृत्रिम पायाची कथा होती. पाच वर्षांनी निघालेल्या आवृत्तीत ‘जयपूर रग्ज’ या गालिचा उद्योगाची भर पडली. गरिबांकडे दयेचा विषय म्हणून न पाहता ग्राहक आणि उत्पादक म्हणून पाहावे, हा प्रल्हाद यांचा सिद्धान्त होता आणि त्याचे दोन पुरावे सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेल्या या शहरात सापडले. त्यानंतर देशातील व्यवस्थापन संस्थांनी शाश्वतता आणि उद्योजकता हे दोन्ही विषय अभ्यासक्रमात घेतले. त्यांवर शोधनिबंधांचा पाऊस पडू लागला. तरीही जयपूरच्या पदवीधरासमोर, गालिचा विणणाऱ्या स्त्रीसमोर आणि कापड छापणाऱ्या छिप्यासमोर आज जे प्रश्न उभे आहेत, त्यांची उत्तरे या निबंधांत क्वचितच मिळतात. याचे कारण संशोधनाच्या तोकडेपणापेक्षा प्रश्नांच्या निवडीत अधिक आहे.

जयपूर रग्जची कथा आता बहुतेकांना ठाऊक आहे; पण ती सांगताना तिचा गाभा हरवतो. नंदकिशोर चौधरी यांनी बँकेतील नोकरी नाकारून १९७८ मध्ये वडिलांकडून घेतलेल्या पाच हजार रुपयांवर दोन माग आणि नऊ कारागीर घेऊन काम सुरू केले. त्या काळात गालिचांच्या धंद्यात निर्यातदार, ठेकेदार, उपठेकेदार आणि विणकर अशी उतरंड होती. या उतरंडीत पैसा वरच्या पायऱ्यांवर मुरत असे आणि मजुरीचा शेवटचा थेंब विणकरापर्यंत पोचे. चौधरी यांनी मधल्या पायऱ्या काढण्याचा प्रयत्न केला. माग विणकराच्या घरी नेला, सूत घरपोच दिले, दर्जाची तपासणीही तेथेच केली. नव्वदच्या दशकात गुजरातच्या आदिवासी भागात राहून त्यांनी नवे विणकर घडवले. माग घरात आल्यामुळे ज्या स्त्रियांना कामासाठी उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्याही विणू लागल्या. आज सुमारे ६०० गावांत ४० हजारांच्या आसपास कारागीर आपल्याशी जोडले असून त्यांत बहुसंख्य स्त्रिया असल्याचे कंपनी सांगते.

येथे व्यवस्थापनशास्त्राने दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्या होत्या. मध्यस्थ काढला की विणकराच्या हाती अधिक पैसा जातो, हे खरे. परंतु मध्यस्थ उचल देत असे, सणासुदीला, लग्नकार्याला हातउसने देत असे. त्याबदल्यात तो विणकराला बांधून ठेवी, हेही तितकेच खरे. त्याची जागा कंपनीने घेतली तेव्हा कारागीर गुंतवणूकदार झाला नाही. तो पूर्वीप्रमाणे कामाच्या मोजमापावर मजुरी घेणाराच राहिला. मागणी घटली की माग थांबतो आणि जोखमीचा मोठा वाटा पुन्हा घरावर येतो. भारतीय गालिचांचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका आहे. त्या देशाने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील आयात शुल्क दोन टप्प्यांत ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा गालिचे, रत्ने, दागिने आणि छापील कापड या जयपूरच्या चारही प्रमुख धंद्यांना एकाच वेळी झळ लागली. शुल्क वॉशिंग्टनमध्ये ठरते. पण माग कोणत्या गावात थांबणार हे त्या शुल्कातूनच ठरते. जयपूर रग्जवरील केस स्टडी आजही पुरवठा साखळीच्या वर्गात शिकवली जाते, पण हा उतरता काळ तिच्यात नाही. यशाच्या शिखरावर थांबलेली केस स्टडी विद्यार्थ्याला शिखरच दाखवते.

जयपूर फूटची गोष्ट याहून वेगळी आणि एका अर्थाने अधिक बोलकी आहे. सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे औपचारिक शिक्षण नसलेले शिल्पकार रामचंद्र शर्मा यांच्या एकत्र कामातून साठच्या दशकाच्या अखेरीस हा पाय आकाराला आला. पाश्चात्त्य कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी घडवलेला होता. भारतीय शेतकऱ्याला मांडी घालायची असते, उकिडवे बसायचे असते, चिखलात अनवाणी उतरायचे असते. या गरजा शल्यविशारदाने ओळखल्या. पण त्या रबरात उतरवायला मूर्ती घडवणाऱ्याचा हात लागला. ‘करिअर बदल’ या विषयावरील आजच्या निबंधांत ज्याला व्यवसायांच्या सीमा ओलांडणे म्हणतात, ते येथे कोणत्याही समुपदेशनाविना घडले होते. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाय विनामूल्य बसवण्याचे काम देशभर आणि परदेशांतही नेले. आजवर २० लाखांहून अधिक लोकांना या समितीच्या साधनांचा लाभ झाला आहे.

रुग्णाकडून एक पैसाही न घेणारी ही संस्था देणग्या आणि सरकारी साह्यावर चालते. मग तिला शाश्वत म्हणावे का? बाजाराची भाषा बोलणारे याचे उत्तर नकारार्थी देतील. परंतु पन्नास वर्षे टिकलेली व्यवस्था टिकाऊ नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आता त्यांच्यावरच येते. प्रल्हाद यांनी या संस्थेला बाजारपेठेविषयीच्या आपल्या ग्रंथात स्थान दिले, यात थोडी ओढाताण होती आणि ती अभ्यासकांनी पुढे उघडपणे मांडली. गरिबांना ग्राहक मानण्यापेक्षा त्यांच्याकडून खरेदी करावी, असा आक्षेप या सिद्धान्तावर घेतला गेला. त्या कसोटीवर गालिचाचे उदाहरण उतरते, पायाचे उतरत नाही. पाय बसवून कामावर परतलेल्या माणसाची मजुरी मात्र कोणाच्याच ताळेबंदात येत नाही.

उद्योजकता शिकवता येते का, हा प्रश्न भारताला नवा नाही. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी साठच्या दशकात आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत बोलावून त्यांच्यात कर्तृत्वाची प्रेरणा जागवण्याचा प्रयोग केला. प्रशिक्षण घेतलेले व्यावसायिक इतरांपेक्षा अधिक सक्रिय झाल्याचे त्यांना आढळले. यातूनच पुढे गुजरातमध्ये उद्योजकता विकासाचे कार्यक्रम आखले गेले. १९८३ मध्ये अहमदाबादला भारतीय उद्योजकता विकास संस्था उभी राहिली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र सुरू झाले. थोडक्यात, देशाकडे या विषयाचा साठ वर्षांचा अनुभव आहे. असे असताना आजचे अनेक अभ्यासक्रम एखाद्या अमेरिकी शहराच्या गॅरेजमधून विषयाची सुरुवात करतात, हे नवलच.

जगभरच्या नंतरच्या संशोधनाने मॅक्लेलंड यांचा आशावाद बराच सौम्य केला. नेदरलँड्समधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटी कंपनी चालवायला लावणाऱ्या कार्यक्रमाचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, कार्यक्रमानंतर उद्योजक होण्याची त्यांची इच्छा वाढण्याऐवजी कमी झाली. ही शिक्षणाची हार म्हणता येईल, तसाच वास्तवाचा परिचयही म्हणता येईल. ज्याला धंदा झेपणार नाही, त्याला ते कर्ज काढण्याआधी कळणे वाईट नाही. २०१७ मधला आफ्रिकेतील टोगो देशाचा अभ्यास याहून उपयोगी आहे. तेथे दीड हजार छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले गेले. एका गटाला जमाखर्च, विपणन असे परंपरागत प्रशिक्षण दिले, दुसऱ्याला स्वतः पुढाकार घेणे, अडचणीची आगाऊ तयारी ठेवणे आणि चिकाटी यांचे, तर तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढाकाराचे प्रशिक्षण मिळालेल्यांचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. परंपरागत गटातील वाढ सांख्यिकीच्या कसोटीवर टिकण्याइतकी नव्हती. या अभ्यासात सहभागी झालेले लोक आधीपासून धंदा करत होते, ही बाब मात्र नजरेआड करता येणार नाही. विशीतल्या विद्यार्थ्याला वर्गात बसवून तोच परिणाम साधेल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

भारतीय वंशाच्या संशोधक सरस सरस्वती यांनी २००१ मध्ये मांडलेला विचार जयपूरला अधिक जवळचा वाटावा. यशस्वी उद्योजक आधी ध्येय ठरवून साधने गोळा करत नाहीत. हाताशी असलेल्या साधनांपासून ते सुरुवात करतात, बुडाले तर झेपेल एवढेच पणाला लावतात आणि सोबत्यांबरोबर वाट घडवत जातात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दोन माग आणि नऊ कारागीर हे याचे नेमके चित्र आहे. रत्ननगरीच्या जोहरी बाजारात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले आहे. खड्यांना पैलू पाडणारा कारागीर आधी दुसऱ्याचे खडे घासतो, मग थोडे स्वतःचे घेतो, मग दोन शिकाऊ मुले ठेवतो. या शाळेला प्रमाणपत्र नाही, आणि तिचे दोषही उघड आहेत. ती जातीच्या आणि नात्याच्या वर्तुळाबाहेरच्यांना सहज आत घेत नाही, मुलींना तर नाहीच. विद्यापीठातील शिक्षणाचे खरे सामर्थ्य येथेच असायला हवे : ज्याच्या घरात धंदा नाही त्याला धंद्याची भाषा देणे.

आता पाण्याकडे वळू. जयपूरच्या दक्षिणेला असलेले सांगानेर पांढऱ्या भुईवरील नाजूक फुलापानांच्या ठसाछपाईसाठी शतकानुशतके ओळखले जाते. द्रव्यवती नदीचे पाणी हे या छपाईचे भांडवल होते. पश्चिमेकडील बगरू येथे मातीच्या लेपाने रंग रोखून करायची ‘दाबू’ छपाई आणि वनस्पतिजन्य रंग टिकून राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगानेरमध्ये जाळीची छपाई आणि रासायनिक रंग आले. उत्पादन अनेक पटींनी वाढले, परदेशी मागणी आली, शेकडो छोटे कारखाने उभे राहिले. रंगाचे पाणी मात्र प्रक्रियेविना नाल्यात गेले. शहराच्या वाढत्या सांडपाण्याने नदीचा आधीच ‘अमानीशाह नाला’ झाला होता. त्याच पाण्यावर आसपास भाजीपाला पिकवला जात होता. म्हणजे परदेशात विकल्या गेलेल्या चादरीची किंमत तिचा ग्राहक पूर्णपणे देत नव्हता. उरलेला भाग जयपूरच्या मंडईतील ग्राहक देत होता, तोही आपल्या नकळत.

राजस्थान उच्च न्यायालयाने २००३ मध्ये प्रदूषण करणाऱ्या घटकांना उलाढालीच्या १५ टक्के रक्कम भरपाई म्हणून भरण्याचा आदेश दिला. व्यवस्थापनशास्त्राच्या दृष्टीने हा असामान्य क्षण होता. ज्या खर्चाला अर्थशास्त्राची पुस्तके ‘बाह्य’ म्हणतात, त्याला न्यायालयाने आकडा दिला आणि तो नफ्यावर न बसवता उलाढालीवर बसवला. तोटा दाखवून सुटका होऊ नये, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. आदेश देणे आणि तो अमलात येणे यांतील अंतरही याच प्रकरणाने दाखवले. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र प्रत्यक्षात येण्यास त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळ गेला. दरम्यान २०१६ मध्ये द्रव्यवतीच्या सुमारे ४७ किलोमीटर पात्राच्या पुनरुज्जीवनाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. काठ बांधले गेले, उद्याने झाली, पण नदीत वाहणारे पाणी प्रामुख्याने प्रक्रिया केलेले सांडपाणीच राहिले. मुख्यमंत्री भजनलाल शर्मा हे २०२३ पासून विधानसभेत सांगानेरचेच प्रतिनिधित्व करतात, त्यामुळे या प्रश्नाला राजकीय वजनही आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचे आणि पंचगंगेचे नाते अगदी असेच आहे. तेथेही प्रक्रिया केंद्रे, न्यायालयीन आदेश, बंद पडलेले आणि पुन्हा सुरू झालेले कारखाने यांची मालिका आहे. दोन्ही ठिकाणी मूळ अडचण एकच आहे : सामायिक केंद्राचा खर्च वाटायचा कसा? छोट्या कारखानदाराचे म्हणणे असे की, शेजारी चोरून पाणी सोडतो आणि दर पाडतो, मग आपण प्रामाणिक राहून धंदा कसा करावा? ज्या व्यवस्थापन संस्था ‘शाश्वतता’ या विषयावर परिषदा भरवतात, त्यांनी एका हंगामाचा हा हिशेब मांडून दाखवला, तर शंभर शोधनिबंधांपेक्षा त्याचे मोल अधिक ठरेल. प्रति मीटर कापडामागे पाण्याचा खर्च किती, तो ग्राहकाच्या दरात धरला तर मागणी किती घटेल, बगरूच्या वनस्पतिजन्य रंगांना मिळणारा जादा दर मजुरापर्यंत किती पोचतो, हे प्रश्न अवघड नाहीत. त्यांची उत्तरे प्रश्नावली भरून मिळत नाहीत. त्यासाठी कारखान्यांच्या वह्या पाहाव्या लागतात, आणि वह्या उघडायला विश्वास लागतो.

मोठ्या कंपन्यांवर आता नियमांचे बंधन आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा विस्तृत अहवाल देणे ‘सेबी’ने बंधनकारक केले आहे. युरोपीय संघाच्या २०२४ मध्ये अमलात आलेल्या नियमांनुसार पुढे कापडासह अनेक वस्तूंना डिजिटल ओळखपत्र लागणार आहे. त्यात वस्तूचा कच्चा माल आणि प्रवास नोंदवावा लागेल. सांगानेरचा छापखाना शेअर बाजारात नाही आणि ब्रुसेल्सशीही त्याचा थेट संबंध नाही. पण त्याचा ग्राहक त्या नियमांखाली येतो आणि माहितीची मागणी साखळीने खाली सरकते. प्रमाणपत्राचे शुल्क, तपासणीचा खर्च, संगणकावर नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा पगार हे सारे बहुधा सर्वांत खालच्या कडीवर पडते. शाश्वततेचा हेतू चांगला असला, तरी जो लहान आहे तोच बाहेर फेकला जाईल आणि काम मोठ्या यांत्रिक कारखान्याकडे जाईल, हा धोका काल्पनिक नाही. हाताने कमी पाणी वापरणाऱ्या कारागिराला केवळ कागद नसल्याने बाजार गमवावा लागला, तर तो पर्यावरणाचाही तोटाच.

बदलत्या करिअरचा प्रश्न येथेच येऊन मिळतो. सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार देशातील काम करणाऱ्यांमध्ये स्वयंरोजगारितांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये ५२.२ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ५८.४ टक्के झाले. याच काळात नियमित पगारदारांचा वाटा २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर आला. उद्योजकतेच्या समर्थकांना पहिला आकडा आवडतो. परंतु या गटात कारखानदार आहे, तसा हातगाडीवालाही आहे. आणि घरच्या धंद्यात वा शेतीत बिनपगारी राबणारी स्त्रीही आहे. स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग याच काळात २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेला, तो बहुतांश ग्रामीण स्वयंरोजगारातून. यातील कोणी संधी पाहून धंद्यात आले आणि कोणी नोकरी नसल्यामुळे, हे वेगळे करून सांगितल्याशिवाय हा आकडा प्रगतीचा की अगतिकतेचा, ते ठरवता येत नाही.

जयपूरमध्ये या दोन्ही बाजू शेजारी शेजारी दिसतात. येथूनच सुरू झालेली ‘कारदेखो’ ही कंपनी २०२१ मध्ये एक अब्ज डॉलर मूल्यांकनाच्या पंक्तीत गेली. राज्य सरकारचा ‘आयस्टार्ट’ कार्यक्रम आणि झालाना येथील भामाशाह टेक्नो हब हे नवउद्यमींचे अड्डे झाले. त्याच शहराच्या रस्त्यांवर हजारो तरुण मोबाइलवरील सूचनेनुसार जेवण आणि सामान पोचवतात. राजस्थानने जुलै २०२३ मध्ये अशा कामगारांची नोंदणी आणि कल्याण यांसाठी देशातील पहिला कायदा केला. सत्तांतरानंतर त्याच्या अंमलबजावणीची गती मंदावली. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तीत या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची तरतूद आहे. ही रक्कम कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांपेक्षा अधिक असणार नाही. कंपन्या या तरुणांना ‘भागीदार’ म्हणतात. व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम त्यांना नेमका कोणत्या प्रकरणात बसवतो, मनुष्यबळाच्या की उद्योजकतेच्या, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

कारागिरांच्या मुलांचे काय होते, हा या साऱ्यातील सर्वांत नाजूक भाग. ठसा कोरणारा बाप मुलाने शिकावे म्हणून राबतो. शिकलेला मुलगा कोरण्याकडे परतत नाही. यात दुःख मानणारे बहुधा स्वतः ठसा कोरत नसतात. मुलाला निवड मिळाली, हे चांगलेच झाले. प्रश्न एवढाच की, परतायची इच्छा असलेल्यालाही परतणे परवडत नाही. ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांना पाच टक्के व्याजाने तीन लाखांपर्यंत कर्ज मिळते. सुतार, कुंभार, शिंपी, चर्मकार त्यात आहेत, पण गालिचा विणणारे आणि कापड छापणारे त्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या वेगळ्या योजना आहेत, मात्र त्या शोधून काढणे हेच एक कौशल्य होऊन बसले आहे. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण ताजे आहे. प्राडा या इटालियन कंपनीने जून २०२५ मध्ये मिलानच्या सोहळ्यात तशा चपला श्रेय न देता मांडल्या, आरडाओरडा झाला आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. त्या करारातून कोणाच्या घरात किती पैसे गेले, हे मोजणारा अभ्यास हाती घेण्यास महाराष्ट्रातील विद्यापीठांना हीच वेळ योग्य आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये स्थानिक कलावंत आणि कारागिरांना उच्च शिक्षण संस्थांमध्ये शिकवण्यासाठी निमंत्रित करण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. पदवीची अट त्यांना लागू नाही. जयपूरमध्ये भारतीय शिल्प आणि रचना संस्था नव्वदच्या दशकापासून कारागीर आणि विद्यार्थी यांना एकाच कार्यशाळेत बसवत आली आहे. व्यवस्थापन महाविद्यालयांत मात्र अद्याप पाहुणे व्याख्याते मुख्यतः कंपन्यांमधून येतात. बगरूच्या छिप्याला खर्चाचे गणित शिकवायला बोलावण्यात आता नियमांची आडकाठी उरलेली नाही. मानधनाची तरतूद संस्थेला आपल्या अंदाजपत्रकात करावी लागेल आणि वर्ग पावसाळ्यात ठेवावा लागेल. ऊन असते तेव्हा त्याचे कापड वाळत असते.